उठायची मुभा

आळेफाट्याला माझ्या दुकानात येणारा प्रत्येक नवा माणूस आधी आत डोकावून विचारतो, "मिस्तरी कुठंय?" मी लेथवर उभी असते, कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर चष्मा, तरी विचारतो. पूर्वी मी "मीच" म्हणायचे. हल्ली म्हणते, "चहाला गेलाय, सहा वर्षं झाली, बसा." ज्याचं काम खरंच अडलेलं असतं तो मुकाट बसतो. बाकीचे नगर रस्त्याला दुसरं दुकान बघतात. बघू देत, त्यांचं काम तिथून बिघडून परत माझ्याकडेच येतं.

माझं नाव आरती, गाव महाळुंगे पडवळ. चिमाजी उस्तादांच्या हाताखाली लेथ शिकले आणि त्यांचे गुडघे गेल्यावर दुकान चालवायला घेतलं. ट्रकचे शाफ्ट, रसाच्या गुऱ्हाळाचे दाते, पंपांचे बुश. सगळं दुसऱ्याने आखलेलं आणि तिसऱ्याने मोडलेलं. मी जोडून द्यायची. स्वतःच्या डोक्यातून एखादी वस्तू काढावी आणि ती फिरताना बघावी, एवढी एकच हाव मला होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

म्हणून गेल्या भाद्रपदात संयम दुकानात आला तेव्हा मी त्याला चहाबरोबर बिस्किटंही दिली. संयम म्हणजे चौकातल्या धरमचंद शेठचा मुलगा. शेठचं बेअरिंगचं आणि सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. घराणं जैन, मूळचं राजस्थानातलं, पण शेठची मराठी माझ्याहून साफ. संयम इंजिनिअर झाला आणि पुण्याच्या एका संस्थेत लागला. ही संस्था खेड्यांत यंत्रं बसवते, दोन महिने वापरायला देते, मग चाचणी घेते. पास झालं तर यंत्र गावाचं, नापास झालं तर जीपमध्ये घालून परत.

"तळेघरच्या वर एक वाडी आहे," संयम म्हणाला. "भात भरडायची छोटी गिरणी द्यायचीय. वीज आहे, पण वारा सुटला की जाते ती चार-चार दिवस येत नाही. खाली ओढा आहे, त्यावर पाणचक्की बसेल, पण एकटं पाणी पुरणार नाही. म्हणून सोबत दोन पायडलं. तिन्हींची फिरकी एकत्र करून गिरणीला द्यायची."

त्याने आराखडा पसरला. एक लांब शाफ्ट, त्याच्यावर पाणचक्की, त्याच्यावरच दोन्ही पायडलं. सगळं एकाच दांड्याला बांधलेलं.

"म्हणजे सगळ्यांनी एकाच वेगाने मारायचं?" मी विचारलं.

"हो. सवय होते, आरतीताई."

मला ते पटलं नाही. पण न बघता बोलायचं नाही असं ठरवून मी वाडीला गेले. बसने तळेघरपर्यंत, पुढे पाऊण तास चढ.

वाडीत पहिली भेटली ती प्रयागबाई. साठीची, काटक, आवाज असा की खालच्या खाचरातल्या माणसाने वर बघावं. बायकांच्या गटाची पुढारीण तीच. तिच्या पडवीत दगडी उखळ होतं आणि त्या दिवशी सणाचे तांदूळ कांडायचं काम चाललं होतं. दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालत होत्या. तेवढ्यात पाण्याला निघालेली एक जण हंडा खाली ठेवून आली, तिसरं मुसळ उचललं, वीसेक घाव घातले आणि हंडा घेऊन चालू लागली. थोड्या वेळाने पहिल्या दोघींतली एक उठली, चुलीवरचं बघायला गेली. उरलेली थांबली नाही. मग आणखी कोणी आली. मी तासभर बसले होते, तेवढ्यात सहा जणींनी मुसळाला हात लावला. कुणी कुणाला या म्हणालं नाही की जाऊ नको म्हणालं नाही.

"पाळी लावून घेत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"पाळी कशाला?" प्रयागबाई म्हणाली. "जिला येळ हाय ती घालती. जिला न्हाई ती जाती. कांडण काय पळून चाललंय व्हय?"

आणि वेगाचं म्हणाल तर, प्रयागबाईचा घाव सावकाश आणि जड, तिच्या सुनेचा हलका आणि भराभर. एकाच दांड्याला बांधलं असतं तर म्हातारी धापा टाकत राहिली असती आणि पोरगी कंटाळली असती. माझ्या डोक्यात तिथेच उजाडलं.

टेम्पोच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची फिरकी त्यात येते आणि दोन चाकांत वाटली जाते. वळणावर आतलं चाक सावकाश फिरतं, बाहेरचं भराभर, आणि आतले दाते दोघांनाही सांभाळून घेतात. मी तो उलटा वापरायचं ठरवलं. चाकांच्या जागी दोन पायडलं जोडायची, दोघींची फिरकी आत घ्यायची आणि इंजिन लागतं त्या तोंडातून ती एक करून बाहेर काढायची. एक भराभर मारील, दुसरी सावकाश. गिरणीला दोघींची बेरीज मिळेल आणि कुणी कुणाला फरफटत नेणार नाही. मग तसाच दुसरा गोळा घ्यायचा. त्याच्या एका अंगाला बायकांची बेरीज, दुसऱ्या अंगाला पाणचक्की.

संयमने कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले, डोकं खाजवलं. "पुस्तकात हे आहे," तो शेवटी म्हणाला, जणू माझं काही त्याने पुस्तकातून सोडवून आणलं होतं. भंगारातून मोडक्या तीनचाकी टेम्पोंचे दोन गोळे आणले, दाते तपासले, चार दाते नव्याने काढले, चौकट वेल्ड केली. कार्तिकात भात कापून झालं आणि आम्ही ते वाडीवर चढवलं. दोन बैल आणि अकरा माणसं लागली.

पहिल्या दिवशी ते फिरलं तेव्हा मला रडू आलं. लाज कसली त्यात? ओढ्यावरचं चाक आपल्या सावकाश लयीत, प्रयागबाई आपल्या, सून आपल्या, आणि गिरणीच्या तोंडातून पांढरा तांदूळ. तीन वेगळ्या चाली, आणि एक काम. मी आखलेलं. मी हाताने तोंड झाकून उभी राहिले आणि प्रयागबाई ओरडली, "आरते, रडती काय, सूप धर!"

आठव्या दिवशी माझ्या त्या यंत्राने तिचं मनगट मोडलं.

मी तिथे नव्हते, नंतर कळलं. सून आणि एक शेजारीण पायडलवर होत्या. प्रयागबाई बाजूला वाकून सांडलेला तांदूळ गोळा करत होती. कुणाची तरी म्हैस खाचरात शिरली म्हणून शेजारीण उठून पळाली. तिचं पायडल मोकळं झालं. सुनेला एकदम हलकं लागलं, तिने आणखी जोर मारला, आणि तो सगळा जोर गिरणीत जायच्या ऐवजी मोकळ्या पायडलात गेला. पायडल उलटं गरगरलं आणि प्रयागबाईच्या मनगटावर बसलं. गिरणी जागच्या जागी थांबली.

ऐकल्या क्षणी मला कारण कळलं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. आळेफाट्यावरचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल: एक चाक चिखलात रुतलं की तेच नुसतं फिरत राहतं आणि पक्क्या रस्त्यावरचं चाक ढिम्म हलत नाही. डिफरन्शियलमध्ये जो सैल सुटेल तो सगळ्यांचा जोर खातो. हे मला ठाऊक होतं. रोज बघते मी हे. पण मी चिमाजी उस्तादांची शिष्या. चालू मशीन सोडून उठायचं नाही, घर पेटलं तरी नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की पायडलवरची बाई मधेच उठेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्याच पडवीत बसून तासभर सहा बायकांची ये-जा बघूनसुद्धा.

मंचरला दवाखान्यात गेले तेव्हा तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "माझी चूक आहे, मावशी."

"हाय तर हाय," ती म्हणाली. "हाताचं हाड जुळंल. बायका आता यंत्राजवळ जायना झाल्यात, त्यांचं काय जुळीवती ते बघ."

संयम हादरला होता. घाबरलेला माणूस नियम काढतो, तसे त्याने काढले. पायडलवर बसलेल्या बाईच्या पुढे आडवा लोखंडी दांडा लावायचा, बसलं की कडी घालायची, अर्धा तास झाल्याशिवाय उघडायची नाही. दाराशी फळा, फळ्यावर पाळ्या. कोण कधी बसणार, कोण कधी उठणार. चाचणी पौषात. त्याच दोघी, एक तास, मधे न उठता. तसं झालं नाही तर यंत्र परत.

आणि मी? मी मान डोलावली. तिचं प्लास्टर डोळ्यासमोरून हलत नव्हतं. तोंड वर करून बोलायचा हक्क आपण गमावला असं मला वाटत होतं. मुकाट्याने दोन दांडे कापले, बिजागऱ्या लावल्या, कड्या लावल्या, रंग दिला आणि पाठीवर बांधून वाडीवर गेले.

प्रयागबाई दवाखान्यातून घरी आली होती. मी दांडा पायडलच्या बैठकीवर बसवून दाखवला, कडी घालून दाखवली. तिने चांगल्या हाताने ती कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"गुरांची दावण आणलीस व्हय?" ती म्हणाली.

"तुमच्या भल्यासाठीच आहे, मावशी. पुन्हा कुणाचा हात..."

"माझं भलं मला ठावं हाय. तान्हं रडलं तर बाईनं काय कडी उघडायची वाट बगायची? दूध उतू गेलं, म्हातारा पडला, गाय याली, तरी बसायचं? आमी आमच्या यळंला येतो, आमच्या यळंला उठतो. लगीन झाल्यापून येवडी एकच गोष्ट कुणी आमाला शिकिवली न्हाई, ती आमची आमी करतो." तिने दांडा उपसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "यंत्राला उठनं कळत न्हाई तर त्याला शिकीव. आमाला बसायचं शिकवू नगं."

मला राग आला. तिचा नाही, माझाच. ही बाई हात मोडून घेऊन ताठ उभी होती आणि मी न मोडता वाकले होते.

तो दांडा घेऊन मी तळेघरला उतरले. बस दोन तासांनी होती. थांब्यावर बसून मी विचार करत राहिले. उठलेल्या बाईचं पायडल उलटं फिरतं, हाच एवढा घोळ. ते पुढे कितीही फिरू दे, मागे तेवढं यायला नको. मागे यायचं बंद झालं की बाकीच्यांचा जोर त्याच्यात वाया जाणार नाही, गिरणीकडेच जाईल. वेग कमी होईल, बस्स. एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला घट्ट, असं काहीतरी हवं.

समोरून दूधवाला गेला. कॅरिअरला दोन कॅन, उतार, पाय स्थिर, आणि मागच्या चाकातून टकटक टकटक आवाज. फ्रीव्हील! आत दोन छोटे खटके असतात, सायकलवाले त्यांना कुत्ते म्हणतात. एका दिशेला ते नुसते दातांवरून टकटकत जातात, दुसऱ्या दिशेला चावून धरतात. अख्खं जग तो सायकलच्या चाकावर बसवतं, मी तो पायडलच्या शाफ्टवर बसवीन, पण त्याची बाहेरची चकती चौकटीला पक्की वेल्ड करून टाकीन. म्हणजे पायडलचा शाफ्ट पुढे फिरेल टकटकत, मागे फिरू लागला की कुत्ते चावतील. मी थांब्यावर एकटीच हसले. बाकड्यावरचा म्हातारा सरकून बसला.

संयमला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. तो ऐकून घेतो, हे मात्र खरं.

"कल्पना चांगली आहे, ताई. पण मंजूर झालंय ते दांड्याचं. आता बदल केला तर सगळं पुन्हा मंजुरीला जाईल. आणि पुन्हा काही झालं तर?"

"तुझा दांडा त्या लावणार नाहीत."

"मग यंत्र परत जाईल. माझ्या हातात नाही."

"माझ्या हातात आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. जरा जोरातच ठेवला.

चौकात धरमचंद शेठच्या दुकानात जाऊन तीन फ्रीव्हील मागितले. दोन पायडलांना, एक पाणचक्कीला. शेठने ते काढून पुढ्यात ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "संयम नको म्हणाला ना?"

"म्हणाला."

"तो त्याची नोकरी करतो. मी माझं दुकान करतो." आणि त्यांनी तिन्हींना तेल घालून, फिरवून, कानाशी धरून आवाज ऐकला. त्यातला एक बाजूला ठेवून दुसरा काढला. "ह्याचे कुत्ते आळशी आहेत. हा ने."

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटीने वाडीवर ते बसवलं. दुपारपर्यंत झालं. पण बायका दारापासून दहा हातांवर उभ्या. कुणी आत पाऊल टाकेना. मी समजावलं, पायडल मागे ढकलून दाखवलं, कुत्त्यांचा आवाज ऐकवला. माना डोलावल्या, पाय हलले नाहीत. त्यांचं काय चुकलं? एकदा माझ्या शब्दावर बसल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी संयम आला. जीप खाली रस्त्यावर, तो, ड्रायव्हर आणि यंत्र उतरवायला चार हमाल. म्हणजे निकाल तो घरूनच घेऊन आला होता. दांडे नाहीत हे त्याने लगेच बघितलं आणि फ्रीव्हीलही बघितले.

"ताई, हे काय केलंत?"

"चाचणी घे."

"कुणाची घेऊ? बसायला कोण आहे?"

प्रयागबाई गर्दीतून पुढे आली. प्लास्टरचा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. चढून पायडलवर बसली. दुसऱ्या पायडलवर तिची सून बसली, ओठ दाबून. ओढ्याचं चाक फिरतच होतं. दोघींनी पाय मारले, गिरणी घरघरली, तांदूळ पडू लागला. संयमने घड्याळ लावलं.

मी प्रयागबाईच्या बाजूला गेले. जिथे वाकून ती तांदूळ गोळा करत होती, बरोबर तिथे गुडघ्यावर बसले. ती मारत असलेल्या पायडलच्या वाटेला लागून माझा उजवा हात, तळवा उघडा करून, चौकटीवर टेकवला. ह्याच हाताने मी लेथ चालवते. दुसरं काही येत नाही मला.

"मावशी," मी म्हणाले, "उठा."

संयम ओरडला, "ताई, हात काढा! अजून तास झाला नाही!"

"उठा मावशी. आणि तू गं," मी सुनेला म्हणाले, "हलकं लागलं की अजून जोर मार. त्या दिवशी मारलास तसा."

सून रडकुंडीला आली होती. प्रयागबाईने माझ्याकडे बघितलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि ते तिला दिसलं असणार. तिने पाय काढले आणि उठली, आणि मी तळवा पायडलच्या मागे सरकवला.

पायडल बोटभर मागे आलं, माझ्या तळव्याला टेकलं, टक्क झालं, आणि थांबलं.

सून जीव खाऊन मारत होती. माझ्या तळव्यावरचं पायडल गपगार. गिरणीचा आवाज जरा उतरला, पण ती फिरत होती. तांदूळ पडत होता, पहिल्याहून बारीक धारेने.

कुणीतरी "आगं बया" म्हणालं. मग दारातली एक बाई आत आली, मला कोपराने बाजूला सारून प्रयागबाईच्या जागी बसली. आवाज पुन्हा वर चढला. सून उठली, डोळे पुसत, तिच्या जागी दुसरी. ती उठली, तिसरी. त्या आता मुद्दाम उठत होत्या, हसत होत्या, बसायच्या आणि उठायच्या. एकदा तर दोन्ही पायडलं रिकामी राहिली आणि नुसत्या ओढ्यावर गिरणी चालली, कण्हत कुथत, पण चालली. सगळ्या ते ऐकत राहिल्या.

संयमने घड्याळ बंद केलं. त्याचा चेहरा पडला होता.

"ताई, माझ्या डोळ्यांना दिसतंय. चांगलं केलंत. पण कागदावर लिहिलंय, त्याच दोघी, एक तास, न उठता. इथे पंधरा मिनिटांत नऊ जणी बदलल्या. हे नापासच लिहावं लागेल मला. आणि नापास झालेलं यंत्र आज खाली न्यायचंय."

इतकं करून हे लोखंड जीपमध्ये जाणार, आणि पुन्हा कुणीतरी माझ्या दाराशी येऊन मिस्तरी कुठंय विचारणार. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार होते. प्रयागबाईने मला हातानेच थांबवलं.

"न्या की, पावणं," ती म्हणाली. "तुमचं हाय, तुमी न्या. आमी आडवं पडनार न्हाई. फकस्त घातलेलं भात तेवढं भरडून व्हऊ द्या. चालू यंत्रातनं भात काडायचं पाप कशाला?"

"ठीक आहे," संयम म्हणाला. "तेवढं होऊ दे."

तो ओट्यावर बसला. हमाल बिड्या ओढायला गेले. गिरणीतलं भात संपत आलं तेव्हा एक बाई पाटी घेऊन आली आणि वरून ओतली. संयमने बघितलं. ती संपायच्या आत दुसरी आली, तिच्या घरची पाटी घेऊन. पायडलवरच्या बदलत राहिल्या. एक भाकरी टाकायला गेली, दुसरी भाकरी टाकून आली. एक पोराला पाजायला उठली, तिच्या जागी तिची जाऊ. दुपार झाली. जीपवाल्याने खालून दोनदा हॉर्न वाजवला. वाडीत बत्तीस घरं, आणि प्रत्येक घराच्या माळ्यावर वर्षाचं भात.

प्रयागबाईने त्याच यंत्रातला तांदूळ शिजवून संयमला वाढला, वर साधं वरण. "कांदा लसूण न्हाई घातला, जेवा," ती म्हणाली. "शेठच्या घरचं मला म्हाईत हाय." तो जेवला. पोटभर जेवला.

उन्हं कलली तसा तो उठून दाराशी आला. आत दोन नव्या बायका पायडलवर होत्या, एक भराभर मारणारी, एक सावकाश, आणि बाहेर पाट्यांची रांग.

"मावशी," त्याने विचारलं, "हे थांबणार कधी?"

"भात सरलं की."

"आणि भात कधी सरणार?"

प्रयागबाईने बोटं मोजली. प्लास्टरमुळे एकाच हाताची. "व्हळी व्हईल," ती म्हणाली. "तवर ऱ्हाताय का? हातरूण घालते."

संयम हसला नाही. मग पिशवीतून तो छापील कागद काढला, माझ्या दुकानाच्या नावाची चौकट, चाचणीची चौकट, आणि सगळ्यात खाली 'यंत्र परत न आणल्यास कारण' अशी एक चौकट, जी आजवर कुणी भरली नसावी. भिंतीला कागद टेकवून त्याने लिहिलं आणि सही केली.

"काय लिवलं गं?" प्रयागबाईने मला विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "यंत्र चालू असल्यामुळे उतरवता आले नाही."

"खरं तेच लिवलं," ती म्हणाली आणि पदर खोचून पायडलकडे गेली. तिथली बाई उठली आणि तिला जागा झाली.